चौकातला क्रूस : प्लेगच्या साथीची दगडी नोंद

१/ वऱ्हाडातील अनेक गावांच्या शिवेवर मरीमायचे ठाणे असते. पटकीसारखी साथ गावात शिरू नये, म्हणून तिला साकडे घातले जाई. मुंबईच्या जुन्या गावठाणांतील अनेक दगडी क्रुसांमागेही अशाच एका साथीचे भय आहे. आजचा धागा त्यांच्याविषयी.

२/ उघड्यावर क्रूस उभारण्याची चाल युरोपातली. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारात, पायऱ्यांच्या जोत्यावर उंच दगडी क्रूस असे. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक त्यापाशी थांबे. १६४३ साली संसदेने असे क्रूस पाडण्याचा हुकूम काढला. पुष्कळ ठिकाणी आज केवळ जोते आणि खांबाचा बुंधा शिल्लक आहे.

३/ आपल्याकडे ही चाल पोर्तुगिजांबरोबर आली. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख त्यांना दिला. पुढे वसई, साष्टी आणि मुंबई बेटांवर चर्च व क्रूस उभे राहिले.

४/ मग आले १८९६ साल. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकेशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. घरांच्या झडत्या सुरू झाल्या, रुग्णांना घरच्यांपासून दूर नेले जाऊ लागले. हजारो लोक शहर सोडून गेले.

५/ या काळात ख्रिस्ती वस्त्यांनी गल्लीच्या तोंडाशी, चौकात क्रूस उभारले. काही रक्षणाची याचना म्हणून, काही वाचल्याच्या कृतज्ञतेने. गिरगावच्या खोताच्या वाडीतील क्रूस १८९९ चा आहे.

६/ इंग्लंडमधला क्रूस चर्चच्या आवारात असे. हा मात्र वस्तीच्या दारात आला आणि वस्तीनेच तो सांभाळला. मे महिन्यातील संध्याकाळी शेजारी येथे जमून माळेची प्रार्थना म्हणतात. क्रुसाला फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. प्रार्थनेनंतर उकडलेले चणे वाटण्याचीही रीत आहे.

७/ आज रस्तारुंदीकरण आणि पुनर्विकासात असे क्रूस अडथळा ठरतात. सरकारी प्लेग-अहवालांत मृतांचे आकडे सापडतात. त्या दिवसांत एखादी गल्ली कशी तगून राहिली, याची नोंद मात्र या दगडांवर आहे. दगड हलला की ती नोंदही जाते.

८/ म्हणून एक विनंती. आपल्या गावचे मरीमायचे ठाणे कोणत्या साथीत, कोणी बसवले, हे घरातील वृद्धांना विचारा आणि आजच लिहून ठेवा.