पायात कडं, गळ्यात पट्टा

वर्ध्याला समुद्र नाही. कुठल्याही दिशेने निघालं तरी तो पाचशे किलोमीटरहून दूर. तरीही दिवाळी सरली की बोर धरणाच्या ओसरत्या पाण्याकाठी तुतवार आणि कंठेरी चिखल्या हे किनाऱ्याचे पक्षी तुरुतुरु धावू लागतात. कुरवांचे थवे कोकणाने स्वतःकडेच ठेवले, पण हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब हंस विदर्भाच्या जलाशयांवर उतरतो. हा सौदा काही वाईट नाही.

पट्टकदंब दुर्बिणीत आला की जाणकाराची नजर आधी त्याच्या गळ्याकडे आणि पायांकडे जाते, तिथे खुणेचा पट्टा किंवा कडं आहे का ते बघायला. पक्ष्याच्या अंगावर पत्ता बांधण्याची ही युक्ती 1899ची. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गच्या हान्स मॉर्टेनसेन या शिक्षकाने मैनांच्या पायात अ‍ॅल्युमिनियमची कडी घातली. भारतात ती 1926च्या सुमारास धार संस्थानात आली. बदकं टिपण्यात संस्थानिकांची हयात जायची, त्या काळात धारच्या महाराजांनी बदकांना कडी घालून सोडून दिलं!

पण कड्यावरचा इवलासा आकडा वाचायचा तर पक्षी हातात हवा, आणि तो हातात यायचा बहुधा छर्रा लागल्यावरच. म्हणजे पक्ष्यांच्या प्रवासाचा अभ्यास बराच काळ शिकाऱ्यांच्या कृपेवर चालला.

या अभ्यासाला मोठा जोर आला तो एका तापामुळे. 1957मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली, माणसंही आजारी पडली. त्या तापाचा विषाणू रशियातल्या गोचीड-तापाच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. संशय गेला उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांवर, त्यांच्या अंगावरच्या गोचिडांवर. मग 1959मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांना कडी घालण्याची मोहीम उघडली. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, स्थलांतराच्या वाटा मात्र उलगडत गेल्या.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप बसला आणि कडी परत मिळण्याचा तो जुना मार्गही आटला. आता लांबूनच वाचता येईल अशी खूण हवी होती. मंगोलियात पट्टकदंबांच्या गळ्यात ठळक अक्षरांचे रंगीत पट्टे घातले गेले, ते याच गरजेतून. असे पट्टेवाले पक्षी महाराष्ट्रातही नोंदले गेले आहेत. मारलेल्या पक्ष्याची नोंद एकदाच व्हायची. पट्टेवाला मात्र एकाच हिवाळ्यात दोन-तीन तळ्यांवर सापडू शकतो.

वर्धा जिल्ह्यातली बोर, धाम, पोथरा ही धरणं बांधली शेतीच्या पाण्यासाठी. पक्ष्यांचा विचार कुणाच्या डोक्यात असण्याचं कारण नव्हतं. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडणाऱ्या 5 ते 12 नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात आता अशाच पाणवठ्यांवर पक्षिमित्रांच्या दुर्बिणी लागतात. पट्टा दिसलाच तर त्याचा रंग, अक्षरं, तो पायात असेल तर डाव्या की उजव्या, तारीख आणि जागा टिपायची, फोटो काढायचा आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवायचं.