एस्प्रेसो कॉफी
एस्प्रेसो कॉफी : कॉफीच्या भाजलेल्या बियांची बारीक पूड घट्ट दाबून बसवून तीमधून गरम पाणी उच्च दाबाखाली अल्पावधीत पाठविले असता मिळणारा दाट अर्क. ‘एस्प्रेसो’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ ‘दाबून बाहेर काढलेले’ असा असून ‘मागणीवरून तत्काळ केलेले’ अशीही अर्थच्छटा त्याला आहे. हे नाव कॉफीच्या जातीचे, बियांच्या भाजणीचे किंवा दुधाच्या फेसाचे नसून अर्क काढण्याच्या रीतीचे आहे. यवतमाळ जिल्ह्यासह महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लग्नसमारंभांत ‘एस्प्रेसो’ किंवा ‘एक्स्प्रेसो’ म्हणून दिले जाणारे फेसाळ पेय या व्याख्येत बसत नाही. या नामसाम्याचा उलगडा एस्प्रेसो यंत्राच्या इतिहासावरून होतो.

कृती : इटलीतील रूढ प्रमाणानुसार एका पेल्यास सु. ७ ग्रॅ. पूड घेतात. सु. ९०° से. तापमानाचे पाणी वातावरणीय दाबाच्या सु. ९ पट दाबाखाली तीमधून सोडतात. सु. २५ सेकंदांत सु. २५ मिलि. अर्क मिळतो. पूड जाड असल्यास पाणी झरझर निघून जाते व अर्क पातळ आणि आंबट होतो. ती फार बारीक असल्यास पाणी अडते व अर्क कडवट होतो. भाजणीच्या वेळी बियांत साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड दाबाखाली पाण्यात विरघळतो आणि दाब उतरताच सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. त्यामुळे अर्कावर तांबूस फेसाचा जो थर येतो, त्याला ‘क्रेमा’ (साय) म्हणतात. त्यात दुधाचा अंशही नसतो.

इतिहास : तूरिन येथील आंजेलो मोरिओंदो (१८५१–१९१४) यांनी १८८४ मध्ये वाफेच्या साहाय्याने कॉफी करणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले व ते तेथील प्रदर्शनात मांडले. हे यंत्र कॉफी एकदम मोठ्या प्रमाणावर करी. मिलानचे लुईजी बेझ्झेरा यांनी १९०१ मध्ये एकेक पेला स्वतंत्रपणे करण्याची योजना काढली. तिचे हक्क देझिदेरिओ पाव्होनी यांनी १९०३ मध्ये घेतले आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आले.

या यंत्रांत बाष्पित्रातील वाफच पाणी ढकलीत असे. दाब वाढवावयाचा तर उष्णताही वाढवावी लागे आणि कॉफीला जळकट चव येई. शिवाय दाब वातावरणीय दाबाच्या जेमतेम दीडपट असल्याने क्रेमा तयार होत नसे. दाब आणि उष्णता यांची ही सांगड तोडणे, हाच पुढील सुधारणेचा गाभा होय. मिलानचेच आकील्ले गाज्जा (१८९५–१९६१) यांनी १९३८ मध्ये वाफेविना चालणाऱ्या यंत्राचे एकस्व घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी तरफ व स्प्रिंग यांनी चालणारा दट्ट्या वापरात आणला. त्यामुळे पाण्याचे तापमान न वाढविता दाब वाढविता येऊ लागला व क्रेमा हे एस्प्रेसोचे लक्षण ठरले. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई ६१’ यंत्राने तरफेच्या जागी विद्युत् पंप आणला. आज ज्याला एस्प्रेसो म्हणतात, ते पेय अशा रीतीने महायुद्धोत्तर काळातील आहे.

इतर कॉफींशी तुलना : तुर्की कॉफीत पूड पाण्यात उकळतात व गाळ पेल्यातच राहतो. दक्षिण भारतीय फिल्टर कॉफीत गरम पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने पुडीतून ठिबकते, त्यास बराच वेळ लागतो व पुडीत पुष्कळदा चिकोरी मिसळलेली असते. आल्फोन्सो बिआलेत्ती यांच्या १९३३ च्या ‘मोका’ भांड्यात वाफेचा दाब असतो, परंतु तो अल्प असतो. झटपट कॉफी हा आधीच काढून वाळविलेला अर्क असून ती पाण्यात केवळ विरघळते. एस्प्रेसो चवीला तीव्र असली, तरी तिच्या लहान पेल्यातील एकूण कॅफीन मोठ्या पेलाभर फिल्टर कॉफीपेक्षा बहुधा कमीच असते.

भारतातील स्थिती : भारतातील बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांत होते. विदर्भात यवतमाळला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा येथे, सु. १,१०० मी. उंचीवर, ब्रिटिश अमदानीपासून थोडीफार लागवड आहे. यवतमाळचे पठार त्या मानाने सखल व उष्ण असून कापसाचे आहे. तेथे नित्याचे पेय चहा, तर कॉफी प्रसंगोपात्तच घेतली जाते.

लग्नमंडपातील यंत्रात शेगडीवरील बाष्पित्रातून वाफ नळीने दुधात सोडतात. दूध, साखर व झटपट कॉफी यांचे मिश्रण त्या वाफेने तापते व फेसाळते. वर बहुधा कोको किंवा कॉफीची पूड भुरभुरतात. येथे वाफ दूध तापविते. पुडीतून अर्क काढण्याचे कार्य मुळी घडतच नाही. फेसही दुधातील प्रथिनांनी धरून ठेवलेल्या हवेचा असतो. इटालियन यंत्रालाही दूध फेसाळण्यासाठी वाफेची नळी असते. तिचे कार्य तेवढे येथे उरले आणि दाबाचे गळाले. तथापि या पेयाला एस्प्रेसोची बिघडलेली नक्कल समजणे योग्य नाही. शेकडो पाहुण्यांना थोड्या वेळात गरम, गोड पेय पुरविण्याची ती एक वेगळी व सोयीस्कर रीत आहे.

१९९६ मध्ये बंगळूरु येथे सुरू झालेल्या ‘कॅफे कॉफी डे’सारख्या साखळी उपाहारगृहांमुळे दाबयंत्रावरील एस्प्रेसो भारतीय शहरांत परिचित झाली. तेव्हापासून एकाच नावाखाली दोन भिन्न पेये नांदत आहेत. लग्नातील गोड, दुधाळ ‘एस्प्रेसो’ची सवय असलेल्या माणसापुढे त्याच नावाने घोटभर काळा, कडवट अर्क येतो, तेव्हा फसगत झाल्याचा त्याचा समज होतो; वस्तुतः नाव तेच असून कृती निराळी असते. दरम्यान भारतीय कॉफीच्या परदेशी ग्राहकांत इटलीचे स्थान दीर्घकाळ अग्रभागी राहिले आहे. भारतातील रोबस्टा जातीच्या बिया एस्प्रेसोच्या मिश्रणात दाटपणा व क्रेमा यांसाठी वापरल्या जातात.