मुद्रांक शुल्काची कुळकथा

घर घेताना भरावं लागणारं मुद्रांक शुल्क मुळात लढाईच्या खर्चासाठी जन्माला आलं. स्पेनशी झुंजणाऱ्या डच प्रजासत्ताकाने १६२४ साली शिक्क्याचा कागद काढला. इंग्लंडने तो १६९४ मध्ये उचलला, फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी आणि फक्त चार वर्षांपुरता. ती चार वर्षं अजून संपलेली नाहीत. कंपनी सरकारने १७९७ मध्ये बंगालात असाच कायदा केला. महाराष्ट्रात आज १९५८ चा मुद्रांक अधिनियम लागू आहे.

हा कर टिकला तो वसुलीच्या युक्तीमुळे. अपुऱ्या मुद्रांकाचा दस्त, फरक आणि दंड भरल्याशिवाय कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे तगाद्याला माणूस पाठवावा लागत नाही. आपला हक्क शाबूत राहावा म्हणून घेणाराच पैसे भरतो. पळवाट उरली ती किमतीत: काही रक्कम खतात, बाकीची रोखीत. ती बुजवायला रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, आला. खतातली किंमत आणि सरकारी दराने निघणारी किंमत, यांत जी जास्त तिच्यावर शुल्क. बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणाने छापील मुद्रांकावरचा विश्वास उडवला, आणि आता बहुतेक शुल्क ऑनलाइन चलनाने भरलं जातं.

दर मात्र गावागणिक वेगळा. पुण्यात मूळ ५ टक्के, स्थानिक संस्थेचा १ आणि मेट्रोचा १, असे ७, मुंबईत ६. पुण्यातल्या ६० लाखांच्या फ्लॅटला ४ लाख २० हजार शुल्क, वर नोंदणी फी ३० हजार. करोनाकाळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२०, सरकारने दर ३ टक्क्यांनी उतरवला होता.

एप्रिल २०२१ पासून राहतं घर बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट मिळते. वरच्या फ्लॅटला ६० हजार. सुरुवातीला १५ वर्षं ते पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती. २०२३ मध्ये ती काढली, हे फार बरं झालं. पण कर्जासाठी दोघांचे पगार धरले म्हणून खरेदीखतात नवऱ्याचंही नाव घातलं, की सगळी सूट जाते. मला हे पटत नाही. बरोबरीने हप्ते भरणाऱ्या बाईला तिच्या हिश्शापुरती तरी सूट मिळायला हवी.