महापौरांची खुर्ची, आयुक्तांची सही

१९६२ च्या सार्वमताने फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष थेट जनतेतून निवडला जाऊ लागला आणि तेव्हाचे अध्यक्ष द गॉल यांची सत्ता पक्षांच्या वर गेली. पिंपरी-चिंचवडमध्ये उलटे घडले. १९७० मध्ये नगरपालिका झाली, अण्णासाहेब मगर पहिले नगराध्यक्ष झाले, आणि कारखान्यांभोवती वाढणाऱ्या गावांना राजकीय चेहरा मिळाला. १९८२ मध्ये महापालिका आली, पण महापालिकांच्या १९४९ च्या कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे गेले. महापौरांकडे सभेचे अध्यक्षपद आणि मान उरला, तोही आता अडीच वर्षांपुरता.

नगरसेवकांच्या ओढाताणीपेक्षा एकहाती अधिकारी बरा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. कामे लवकर मार्गी लागतात, हे खरेच. पण मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर आयुक्तच प्रशासक झाले. आयुक्त म्हणून मांडलेला विषय तेच प्रशासक म्हणून मंजूर करू लागले, स्थायी समितीत विचारायला त्या काळात कोणी उरले नाही. एकहाती सत्ता फ्रान्समध्येही आहे. तिथला अध्यक्ष मात्र मतदारांपुढे उभा राहतो, इथल्या अधिकाऱ्याची राज्य सरकार बदली करते. करदात्याने जाब विचारायचा कोणाला?