अर्धा शिजलेला खेळ आणि पानावर बसून राहिलेले खेळाडू



आपल्यापैकी निम्मे लोक सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहेत. त्यामुळे "तारीख जाहीर झालीय, आता माल कसाही असो, बाहेर काढायचाच" हे वाक्य कोणाला नवीन नसावं. मीही वीसेक वर्षं रिलीजच्या कामात काढली. आपल्याकडे अर्धवट माल बाहेर पडला तर गिऱ्हाईक फार तर हेल्पडेस्कवर डाफरतं. ऑनलाइन खेळांच्या दुनियेत मात्र लोक शिव्या घालतात, मोर्चे काढतात, कोर्टात जातात आणि दुसऱ्या दिवशी महिन्याची फी भरून पुन्हा तिथेच खेळायला हजर! हे कोडं मला बरीच वर्षं पडलं होतं. त्याचा इतिहास थोडा खणून पाहिला, तो तुमच्यापुढे ठेवतो.

जे हे खेळ खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. यात हजारो माणसं एकाच जगात वावरतात आणि ते जग कंपनीच्या सर्व्हरवर असतं. खेळ विकत घ्यायचा, बऱ्याचदा वर महिन्याची फी भरायची. आपलं एक पात्र तयार करायचं आणि महिनोन् महिने खपून त्याला मोठं करायचं. हळूहळू तिथे ओळखी होतात, टोळकी जमतात. म्हणजे हे सिनेमाचं तिकीट नाही, ही ब्लॉकची खरेदी आहे. बिल्डरने पझेशन दिलं, पण लिफ्ट बंद आणि पाणी टँकरचं, अशा इमारतीत राहायला गेलेला माणूस काय करतो? चिडतो, पण सोडून जात नाही, कारण शेजार जमलेला असतो. तो सोसायटीची मीटिंग बोलावतो.

अशी पहिली मोठी मीटिंग १९९७ साली भरली. टेक्ससमधल्या ओरिजिन कंपनीने त्या सप्टेंबरमध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' बाजारात आणला. इतक्या माणसांना एका जगात घेणारा खेळ तोवर फारसा कोणी चालवला नव्हता, कंपनीनेही नाही. सर्व्हर रखडायचे, बंद पडायचे, खेळात चुका भरपूर. त्या जगाचा राजा होता 'लॉर्ड ब्रिटिश', म्हणजे खेळाचा जनक रिचर्ड गॅरियट याचंच पात्र. खेळाडूंनी काय करावं? आपापल्या पात्रांचे कपडे उतरवून ते राजाच्या वाड्यात घुसले आणि दारू पिऊन गोंधळ घालत निषेध केला. (पात्रांनी हो, माणसांनी नव्हे! :-))

पुढे मार्च १९९८ मध्ये काही खेळाडूंनी कॅलिफोर्नियात दावा ठोकला की जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे खेळ चालत नाही. प्रकरण शेवटी आपसात मिटलं. पण गंमत पाहा, याच काळात 'अल्टिमा'च्या वर्गणीदारांची संख्या लाखाच्या घरात गेली. राग वाढत होता आणि गर्दीही वाढत होती.

आता याच्या उलट बाजूचं उदाहरण. जून २००३ मध्ये सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज' आणला. सुरुवातीला त्यात वाहनं नव्हती, खेळाडूंनी वसवायची गावं नव्हती, आणि 'स्टार वॉर्स' असूनही अंतराळात उडता येत नव्हतं! अंतराळयानं आली ती ऑक्टोबर २००४ मध्ये, तीही वेगळे पैसे भरून. लोकांनी तेही चालवून घेतलं. कोणी शिंपी झालं, कोणी नर्तकी, कोणी दुकानदार. लढाई न करताही प्रतिष्ठा मिळवता येईल असं ते जग होतं आणि लोकांचा त्यावर जीव होता.

मग नोव्हेंबर २००५ आला. एक तारखेला कंपनीने खेळाचा नवा विस्तार विकला, आणि पंधरा तारखेला सगळा खेळच मुळापासून बदलला. तिसाहून जास्त व्यवसायांचे नऊ केले. ज्यांनी वर्षं दोन वर्षं खपून हुन्नर कमावलं होतं ते एका रात्रीत बेरोजगार! नुकतेच पैसे भरलेल्यांचा इतका भडका उडाला की विस्ताराचे पैसे परत द्यावे लागले. पण माणसं गेली ती गेलीच. डिसेंबर २०११ मध्ये खेळ बंद झाला. काही खेळाडूंनी मात्र जुना खेळ आपल्या हाताने सर्व्हर लिहून पुन्हा उभा करायला घेतला. कंपनीवर थुंकतील, पण गाव सोडणार नाहीत.

इथे मला पहिला धागा सापडला. निष्ठा कंपनीवर नसतेच. ती त्या जगावर, तिथल्या सोबत्यांवर आणि स्वतः घातलेल्या वेळेवर असते. २००३ चा अपुरेपणा लोकांनी गिळला, कारण उद्या भर पडेल ही आशा होती. २००५ मध्ये त्यांच्याच हातचं काढून घेतलं गेलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 'फायनल फँटसी' ही जपानची अतिशय मानाची खेळमालिका. तिचा अकरावा भाग २००२ मध्ये ऑनलाइन आला आणि चांगला चालला. त्याच निर्मात्याच्या, हिरोमिची तानाका यांच्या हाताखाली स्क्वेअर एनिक्सने चौदावा भागही ऑनलाइन करायचं ठरवलं. ३० सप्टेंबर २०१० ही तारीख ठरली. तेव्हा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चे वर्गणीदार एक कोटी वीस लाखांच्या वर होते आणि त्याचा मोठा नवा विस्तार डिसेंबरमध्ये येऊ घातला होता. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की घाईचा अंदाज येतो.

खेळ आला आणि पहिल्याच आठवड्यात बोंब झाली. दिसायला देखणा, पण चालवायला वैताग. साधा मेन्यू उघडायचा तरी खोळंबा. जंगलात तोच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवलेला, त्यामुळे आपण पुढे जातोय की गोल फिरतोय तेच कळेना. वस्तू शोधून विकत घ्यायला धड बाजार नाही. विक्रीला उभ्या असलेल्या एकेका नोकराजवळ जाऊन त्याची झोळी तपासायची. त्यावर कडी म्हणजे, आठवड्यात ठराविक तासांपेक्षा जास्त खेळलात तर मिळणारे गुण कमी होत जाणार, अगदी शून्यापर्यंत! गिऱ्हाईक जास्त जेवतंय म्हणून वाढप्याने हात आखडता घ्यावा, तसला प्रकार.

पुढे २०१४ मध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये या अपयशाची तीन कारणं सांगितली गेली. पहिलं, चित्रांच्या देखणेपणाचा अतिरेक. साध्या फुलांच्या कुंडीला सुमारे हजार पॉलिगॉन, म्हणजे एका अख्ख्या पात्राइतके! दुसरं, टीममधल्या फार थोड्यांना आजकालचे ऑनलाइन खेळ माहीत होते. आणि तिसरं कारण वाचून मी खुर्चीतच हसलो: "काही राहिलं तर नंतर पॅचमध्ये करू" ही वृत्ती. मंडळी, हे वाक्य मी न्यू जर्सीत ऐकलंय, पुण्यात ऐकलंय, आणि म्हणे तोक्योतही तेच!

१० डिसेंबर २०१० ला अध्यक्ष योइची वादा यांनी जाहीर माफी मागितली. तानाका पायउतार झाले. फुकट खेळायची मुदत आधीच वाढवली होती, ती आता बेमुदत केली. प्लेस्टेशनची आवृत्ती लांबणीवर टाकली. आणि नवा प्रमुख म्हणून नाओकी योशिदा हा तिशीतला माणूस आणला. याची खासियत काय? तो स्वतः असल्या खेळांचा व्यसनी. 'अल्टिमा ऑनलाइन'मध्येही त्याने मनसोक्त वेळ घालवलेला. म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओरडणारा माणूसच बिल्डरच्या खुर्चीत बसला म्हणा ना.

त्याने दोन गोष्टी केल्या. एक तर खेळाडूंना नियमित पत्रं लिहायला लागला: काय मोडलंय, कधी दुरुस्त होणार, काय होणारच नाही. आधी काय सुधारायचं याचा कौलही खेळाडूंकडून घेतला. दुसरी गोष्ट धाडसाची. जुना खेळ दुरुस्त करत राहायचा आणि त्याच वेळी नवा खेळ पायापासून लिहायचा. एक टीम गळकं छप्पर शाकारतेय आणि शेजारच्या प्लॉटवर दुसरी टीम पाया खणतेय. ऑक्टोबर २०११ मध्ये ही योजना जाहीर झाली, आणि जानेवारी २०१२ पासून जुन्या खेळाची फी सुरू झाली. म्हणजे जो खेळ आम्ही पाडणार आहोत, त्याचे पैसे द्या!

आणि लोकांनी दिले. सगळ्यांनी नाही, बरेच आधीच निघून गेले होते. पण एक चिवट गट राहिला. त्यांना बदल्यात काय मिळालं? एकूण तीन महिन्यांची फी भरणाऱ्याला नव्या खेळात कायमची कमी फी, एक खास वाहन-पक्षी, आणि शेवटी झळकणाऱ्या नामावलीत स्वतःचं नाव. पैशात मोजलं तर फार नाही. पण अडचणीत कोण बरोबर उभं होतं याची नोंद झाली, आणि माणसाला ती नोंद हवी असते.

जुन्या खेळाचा शेवटही पाहण्यासारखा झाला. कित्येक महिने आकाशात एक लाल चंद्र दिसत होता आणि दर खेपेला तो थोडा मोठा होत होता. ११ नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हर बंद व्हायच्या वेळी उरलेले खेळाडू शहरांत जमले. मग एक चित्रफीत दाखवली गेली: चंद्र फुटतो, आतून राक्षसी ड्रॅगन निघतो आणि ते जग जळून जातं. कंपनीने आपलं अपयश झाकलं नाही, ते कथेतच घातलं. नव्या खेळात लोक त्या प्रलयानंतरच्या जगात जागे होतात आणि ज्यांनी तो पाहिला ते खरेखुरे साक्षीदार ठरतात.

नवा खेळ २७ ऑगस्ट २०१३ ला आला, आणि पहिल्या दिवसांत काय? सर्व्हर तुडुंब, लॉगिन होईना! डाउनलोडची विक्री काही काळ थांबवावी लागली आणि खेळाडूंना आठवडाभराची फी माफ झाली. राग झालाच, पण २०१० चा राग आणि हा राग वेगळा. आधीचा राग जेवण कच्चं म्हणून होता, हा रांग मोठी म्हणून. २०२१ च्या डिसेंबरमध्येही असंच झालं. गर्दी इतकी की कंपनीने आपणहून खेळाची विक्री बंद ठेवली, ती २५ जानेवारी २०२२ ला पुन्हा सुरू केली. गल्ला भरत असताना दुकानाची फळी खाली ओढणारे किती व्यापारी तुम्ही पाहिलेत?

आता कोणी म्हणेल, म्हणजे अर्धवट माल काढला तरी चालतो, लोक थांबतातच. नेमका हाच चुकीचा धडा बऱ्याच कंपन्यांनी घेतला, असं मला वाटतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बायोवेअरचा 'अँथम' असाच अपुरा आला. एका वर्षाने नव्याने बांधणीची घोषणा झाली आणि लोक वाट पाहत राहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते काम सोडून दिल्याचं जाहीर झालं. 'फायनल फँटसी'ची गोष्ट सगळ्यांना आठवते, 'अँथम'वाल्या खेळाडूंनी वाट पाहण्यात घालवलेला वेळ कोणाच्या हिशेबात नाही. खेळाडूंनी थांबणं ही उधारी आहे, आणि उधारी फेडायची असते.

माझ्या धंद्यातला एक अनुभव सांगतो. एका क्लायंटकडे (नाव नको) हिशेब खात्यात एक बाई होत्या. प्रत्येक रिलीजनंतर त्यांची चाळीस ओळींची ईमेल यायची, एकेका चुकीचा पाढा वाचलेली. आमच्याकडे त्यांना सगळे टरकून असत. एकदा दोन रिलीज लागोपाठ गेली आणि त्यांची ईमेल आली नाही. सगळ्यांना वाटलं, वा, या वेळी काम उत्तम झालं. तिमाही संपली आणि कळलं की त्यांनी दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलंय.

म्हणून वाटतं, १९९७ च्या त्या उघड्यानागड्या मोर्चापासून आजपर्यंत एकच गोष्ट दिसते. जो ओरडतो तो अजून घरातच आहे. योशिदाने ओरडणाऱ्यांना शत्रू न मानता उरलेले घरचे लोक मानलं, आणि त्यांना तारखेनिशी खरं सांगितलं. लोक अपुरेपणा बराच काळ सोसतात. अपुरं असून पूर्ण असल्याचा आव आणला, की मात्र त्यांचा संयम सुटतो.

तुमच्यापैकी कोणी यातले खेळ खेळलं असेल, विशेषतः २०१२ चा तो लाल चंद्र पाहिला असेल, तर जरूर लिहा. आणि पुढच्या सोमवारी कोणी रिलीज काढणार असेल, तर कुंडी पुन्हा एकदा तपासून घ्या. :-)