उपचार करणाऱ्यांना सहकाऱ्यांचा आधार

रुग्णालयात औषधाची मात्रा चुकली किंवा शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अनपेक्षितपणे दगावला, की सर्वांचे लक्ष स्वाभाविकच रुग्णाकडे आणि त्याच्या नातलगांकडे जाते. पाठोपाठ चौकशी सुरू होते. ज्या डॉक्टरच्या अथवा परिचारिकेच्या हातून हे घडले, ती व्यक्ती मात्र बहुधा त्याच पाळीत पुढच्या खाटेकडे वळलेली असते. तिच्या मनावरील आघाताची दखल घेण्यासाठी गेल्या दोन दशकांत अनेक देशांतील रुग्णालयांनी एक पद्धत स्वीकारली आहे. तिला ‘पीअर सपोर्ट’ म्हणजेच सहकारी-आधार असे म्हणतात. प्रशिक्षण घेतलेल्या सहकाऱ्याने त्या व्यक्तीशी गोपनीयता राखून बोलणे, तिचे म्हणणे ऐकून घेणे आणि गरज भासल्यास तिला तज्ज्ञांपर्यंत पोहोचवणे, असे या पद्धतीचे थोडक्यात स्वरूप आहे.

‘दुसरा बळी’

या विषयाच्या चर्चेला नाव मिळाले ते २००० मध्ये. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. अल्बर्ट वू यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेखात वैद्यकीय चुकीनंतर अपराधी भावनेने खचणाऱ्या डॉक्टरला ‘दुसरा बळी’ असे संबोधले. पहिला बळी अर्थातच रुग्ण. पुढे या शब्दप्रयोगावर आक्षेपही आले. ज्यांनी आपली माणसे गमावली, अशा कुटुंबीयांच्या वतीने २०१९ मध्ये त्याच नियतकालिकात ही संज्ञा सोडून द्यावी, अशी मागणी करण्यात आली. चूक करणाऱ्यास ‘बळी’ म्हटल्याने उत्तरदायित्व पुसट होते, हा त्यामागील युक्तिवाद होता. संज्ञेविषयी मतभेद असले तरी आघात खरा आहे, हे मात्र सर्वमान्य आहे.

आघाताचे सहा टप्पे

मिसुरी विद्यापीठाच्या आरोग्य संस्थेत सुसान स्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रसंगांतून गेलेल्या ३१ डॉक्टर, परिचारिका व अन्य कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. घटनेनंतरच्या मनःस्थितीचे सहा टप्पे त्यांनी नोंदवले. प्रथम गोंधळ व धावपळ. मग ‘आपण वेगळे काय करू शकलो असतो’ या विचाराचे पुनःपुन्हा येणे. त्यानंतर सहकाऱ्यांच्या नजरेतील आपले स्थान परत मिळवण्याची धडपड. चौथा टप्पा चौकशीला सामोरे जाण्याचा. पाचवा मानसिक आधार शोधण्याचा. सहाव्या टप्प्यावर वाटा फुटतात. काही जण काम अथवा व्यवसायच सोडतात, काही जण काम करीत राहतात पण घटना विसरू शकत नाहीत, तर काही त्या अनुभवातून अधिक समर्थ होतात. कोण कोणत्या वाटेने जाईल, हे पुष्कळ अंशी भोवतालच्या माणसांच्या वागणुकीवर अवलंबून असते.

या अभ्यासातूनच मिसुरीतील ‘फॉर यू’ पथक आकाराला आले. त्याची रचना तीन स्तरांची आहे. पहिला स्तर म्हणजे त्याच विभागातील वरिष्ठ व सोबती. सुमारे ६० टक्के व्यक्तींना तेवढा आधार पुरेसा ठरतो, असा अंदाज मांडण्यात आला. दुसऱ्या स्तरावर प्रशिक्षित सहकारी येतात; त्यांची गरज सुमारे ३० टक्क्यांना लागते. उरलेल्या १० टक्क्यांना मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक अथवा धर्मोपदेशक यांच्याकडे पाठवले जाते.

‘राइज’चा अनुभव

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २००१ मध्ये जोसी किंग ही १८ महिन्यांची बालिका उपचारांतील चुकांमुळे दगावली. त्या घटनेनंतर रुग्णसुरक्षेचे अनेक उपक्रम तेथे हाती घेण्यात आले. कर्मचाऱ्यांसाठीचा ‘राइज’ हा कार्यक्रम २०११ मध्ये सुरू झाला. स्वेच्छेने पुढे आलेले डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक आदी त्यात आळीपाळीने चोवीस तास उपलब्ध असतात. संपर्क साधणाऱ्याशी झालेले बोलणे चौकशीसाठी वापरले जात नाही.

कार्यक्रम जाहीर केल्याबरोबर लोक धावून आले, असे मात्र घडले नाही. पहिल्या वर्षात महिन्याला सरासरी एकच हाक आली. विश्वास बसत गेला तसे हे प्रमाण महिन्याला चारवर पोहोचले. पहिल्या ५२ महिन्यांत ११९ वेळा पथकास पाचारण करण्यात आले आणि सुमारे ५०० जणांना त्याचा लाभ झाला. नोकरी सोडण्याचे व रजा घेण्याचे प्रमाण घटते, हे गृहीत धरून केलेल्या आर्थिक विश्लेषणात ही मदत घेणाऱ्या प्रत्येक परिचारिकेमागे वर्षाला सुमारे २२,५७६ डॉलरची बचत होते, असा हिशेब मांडण्यात आला.

सहकारीच का?

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील डॉक्टरांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा प्रसंगी कोणाचा आधार घ्याल, या प्रश्नावर ८८ टक्क्यांनी सहकारी डॉक्टरांना पसंती दिली. मदत न घेण्यामागे वेळेचा अभाव, गुप्तता फुटण्याची भीती आणि कारकिर्दीवर डाग लागण्याची धास्ती ही कारणे पुढे आली. म्हणूनच तेथे डॉ. जो शपिरो यांनी उभारलेल्या व्यवस्थेत संबंधित डॉक्टरने मदत मागण्याची वाट पाहिली जात नाही. प्रशिक्षित सहकारी स्वतःहून दूरध्वनी करतो. प्रत्येकालाच असा दूरध्वनी जातो म्हटल्यावर तो येण्यात कमीपणा राहत नाही.

सहकाऱ्याने काय करू नये, हेही प्रशिक्षणाचा महत्त्वाचा भाग असते. घटनेचा तपशील खोदून काढणे, दोष ठरवणे किंवा ‘यात तुझी काहीच चूक नाही’ असे घाईने सांगणे टाळावयाचे असते. आघातग्रस्त व्यक्तीस एकाच बैठकीत सारा प्रसंग पुन्हा कथन करावयास लावण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. तिच्यामुळे पुढील मानसिक विकार टळत नाहीत, असा निष्कर्ष ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात निघाला होता.

भारतातील चित्र

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाचा वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयीचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यासाठी केलेल्या ऑनलाइन पाहणीत २५,५९० पदवीपूर्व व ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थी सहभागी झाले होते. आपल्याला मानसिक आजाराचे निदान झाल्याचे २७.८ टक्के पदवीपूर्व व १५.३ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नमूद केले. आत्महत्येचा विचार मनात येऊन गेल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण पदवीपूर्व विद्यार्थ्यांत १६.२ टक्के, तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांत ३१.२ टक्के होते. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक नसावे, आठवड्यातून एक सुटी मिळावी आणि दररोज सात ते आठ तासांची झोप व्हावी, अशा शिफारशी कृतिदलाने केल्या.

या शिफारशींवरून सहकारी-आधाराची मर्यादाही ध्यानात येते. सलग कर्तव्यामुळे झोप न मिळालेल्या निवासी डॉक्टरला प्रथम विश्रांती हवी असते. ती ऐकून घेण्याने भरून निघत नाही. शिवाय त्रास सहकाऱ्यांकडूनच होत असेल तर प्रश्न अधिक बिकट बनतो. मुंबईच्या नायर रुग्णालयातील निवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या मे २०१९ मधील आत्महत्येनंतर त्यांच्या तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवण्यात आला व प्रकरण न्यायालयात गेले. अशा तक्रारींसाठी स्वतंत्र व निर्भय यंत्रणाच हवी. आधारपथक तिची जागा घेऊ शकत नाही.

उपक्रम उभारताना

परदेशांतील अनुभवावरून रुग्णालयांनी व वैद्यकीय महाविद्यालयांनी पुढील बाबी सांभाळणे आवश्यक ठरते :

१. आधारपथक व चौकशी समिती यांत एकही व्यक्ती सामाईक नसावी.

२. परीक्षेचे गुण वा गोपनीय अहवाल ज्यांच्या हाती आहेत, त्यांना विद्यार्थ्यांचे आधारदाते नेमू नये.

३. डॉक्टरांबरोबरच परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय व सफाई कामगार यांनाही उपक्रमात स्थान असावे.

४. गंभीर घटनेनंतर संपर्क संस्थेनेच साधावा.

५. आत्महत्येचा धोका दिसल्यास तज्ज्ञांकडे तातडीने पाठवण्याची सोय आधीच निश्चित असावी. गुप्ततेचा अपवाद कोणता, हे संभाषणापूर्वी स्पष्ट करावे.

६. ऐकणाऱ्यांच्या मनावरही ताण येतो. त्यांच्यासाठी नियमित बैठका असाव्यात.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. तिचा लाभ डॉक्टर, परिचारिका व वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही घेता येतो.