पेठेतले बंदुकीचे दुकान

बंदूक विकणाऱ्याला परवाना लागतो, घेणाऱ्यालाही लागतो आणि दोघांच्या व्यवहाराची नोंद सरकारकडे जाते. जिल्ह्याच्या गावातले जुन्या वळणाचे बंदुकीचे दुकान या तीन अटींनी घडवले. दुकान लहानच असे. पुढे लाकडी गल्ला, भिंतीवर काचेचे जाळीबंद कपाट, कपाटात साखळीने ओवून उभ्या केलेल्या दुनळ्या, एका बाजूला जाडजूड नोंदवह्या आणि मागे तेलाचा वास येणारी दुरुस्तीची जागा. विक्री, कारकुनी, कारागिरी आणि राखण ही चार कामे एकाच छपराखाली आणि बऱ्याचदा एकाच माणसाच्या हातून होत. या दुकानांविषयी जुन्या माणसांना जी ओढ वाटते, तिचे मूळ बंदुकीपेक्षा या एकत्र नांदण्यात जास्त आहे.

छत्रपती संभाजीनगरचा औरंगपुरा हा अशा दुकानांना साजेशा पेठांचा नमुना म्हणून पाहता येतो. गुलमंडी, पैठण गेट आणि सराफा यांना लागून असलेला हा भाग. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या सरस्वती भुवन शिक्षण संस्थेचे आवार, जिल्हा परिषद आणि भाजीमंडई यांमुळे पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोडकडच्या माणसाचे पाय इकडे वळतच. शेतकरी, पाटील, वकील आणि सरकारी नोकर हीच बंदुकीच्या दुकानाचीही गिऱ्हाइके. कचेरीत परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज द्यायचा, पेठेत बियाणे आणि कापड घ्यायचे आणि जाता जाता काडतुसांची पेटी न्यायची, असा एका दिवसाचा फेरा जुळत असे.

या शहराचा शस्त्रांशी संबंध मात्र दुकानांहून फार जुना आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेव्हा दख्खनच्या लढाया तोड्याच्या बंदुकीने लढल्या जात होत्या. पेटत्या वातीने बार काढणारी ही बंदूक गावचा कसबी लोहार घडवू शकत असे, आणि सोरा, गंधक व कोळसा यांची दारूही ठिकठिकाणी तयार होई. पुढे औरंगजेबाच्या मुक्कामाने शहर फुगले. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे अशी त्याची ख्याती झाली आणि एकेका पुऱ्यात एकेका कसबाची वस्ती रुजली. त्या काळी हत्यार हा शिपायाचा आणि सरदाराचा सरंजाम होता. ते कारखान्यातून मिळे, लुटीत मिळे, बक्षीस मिळे. कागद दाखवून दुकानातून हत्यार विकत घेण्याची रीत फार नंतरची, आणि ती भीतीतून जन्माला आली.

जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे याच शहराच्या, छावणीत हैदराबाद कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळाने बंड केले. जनरल वुडबर्नची फौज येऊन तिने ते मोडले आणि बंडवाल्यांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. आजचा क्रांती चौक त्याच आठवणीचा आहे. अशा उठावांनंतर इंग्रजी मुलखात माणसांना निःशस्त्र करण्याची मोहीम निघाली. १८६० मध्ये एक कायदा आला आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत भारतीय शस्त्र कायदा झाला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला, मात्र युरोपीय माणसाला सूट मिळाली. या भेदभावाचा सल इतका खोल होता की काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांमधून कायदा सैल करण्याची मागणी पुन्हा पुन्हा होत राहिली. वर्णावर आधारलेली ती सूट जायला १९२० साल जवळ यावे लागले.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. उत्तरेला खानदेश, पश्चिमेला नगर, ईशान्येला बुलढाणा हे सारे शेजारी इंग्रजी अमलाखालचे, आणि मधला हा मुलूख वेगळ्या दरबाराचा. इंग्रजी कायदा इथे आपोआप चालत नसे, पण इंग्रजी बाजार मात्र पोचत होता. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादमार्गे हैदराबादकडे रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या गोदीत उतरणाऱ्या मालाची वाट सोपी झाली. बड्या गिऱ्हाइकांसाठी कलकत्त्याच्या मँटन आणि रॉडा या पेढ्या विलायती बंदुकांच्या सचित्र याद्या छापत. यांतल्या रॉडा कंपनीचे नाव वेगळ्याच कारणाने इतिहासात गेले. २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगाली क्रांतिकारकांनी तिच्या मालातून ५० माउझर पिस्तुले आणि ४६ हजार काडतुसे पळवली. दुकानदाराच्या गोदामावर आणि वह्यांवर सरकारची नजर इतकी करडी का असते, हे या एका घटनेवरून कळते.

संस्थानी मुलखात बंदुकीचा मुख्य उपयोग शिकारीचा होता. सातमाळ्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांत वाघ, बिबळे, सांबर, रानडुकरे होती. या जिल्ह्याला जगाच्या नकाशावर नेणारा शोधही शिकारीतच लागला. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ वाघाच्या मागावर असताना वाघूर नदीच्या घळीवर उभा राहिला आणि समोरच्या कड्यात त्याला अजिंठ्याचे लेणे दिसले. साहेब, जहागीरदार आणि नबाब यांच्या या छंदाने विलायती बंदूक दख्खनच्या वाड्यावाड्यांत पोचवली. बर्मिंगहॅमची वेबली अँड स्कॉट आणि ग्रीनर, लंडनची हॉलंड अँड हॉलंड आणि बेल्जियममधल्या लिएजच्या स्वस्त दुनळ्या ही नावे शिकारी घराण्यांत पिढ्यानपिढ्या उच्चारली गेली.

बंदुकीच्या दुकानातली भाषा या मालाने घडवली. 'बारा बोअर' म्हणजे जिच्या नळीत एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्यांपैकी एक गोळी बसते ती. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास येतो. एकनळी, दुनळी, ठासणीची, घोड्याची, बिनघोड्याची हे प्रकार दुकानदार बोटावर मोजून सांगे. काडतुसांतही चार नंबरचे छर्रे तित्तराला, बीबी सशाला, एलजी आणि एसजी मोठ्या जनावराला, असा हिशेब असे. रायफलीच्या बोअरमागे तर राजकारणच होते. सैन्याची काडतुसे नागरिकाच्या हत्यारात चालू नयेत म्हणून इंग्रजांनी .३०३ सारखी मापे सामान्यांना बंद केली, आणि १९०७ मध्ये .४५० च्या मापावरही बंदी घातली. त्यामुळे विलायती कारागिरांनी .४६५ आणि .४७० अशी नवी मापे काढली. आजही भारतीय परवान्यावर .३१५ ची रायफल सर्रास दिसते, तिचे कारण हेच. ती सैन्याच्या मापाबाहेरची म्हणून इशापूरच्या कारखान्यात नागरिकांसाठी बनत राहिली.

संस्थान विलीन होण्याचे वर्ष मराठवाड्यात शस्त्रांच्या दृष्टीने सर्वांत कठीण गेले. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांकडे आधुनिक बंदुका थोड्या होत्या, ठासणीच्या बंदुका आणि तलवारीच जास्त. पण निःशस्त्र गावाला तेवढ्या पुरेशा होत्या. उलट बाजूला सरहद्दीवरच्या छावण्यांतून स्वातंत्र्यसैनिक मिळेल ते हत्यार जमवत होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हद्दीत शिरल्या, दुसऱ्या दिवशी औरंगाबादच्या मुलकी अधिकाऱ्यांनी शरणागती देऊ केली आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली. या अनुभवानंतर हत्यार कोणाच्या हाती आहे याचा कागदोपत्री पत्ता लागलाच पाहिजे, ही अपेक्षा इथल्या लोकांनाही पटण्यासारखी होती. केंद्राचे कायदे लागू झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ मध्ये मंजूर होऊन नियमांसह १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. पेठेतल्या दुकानाची जी रचना पुढची पन्नास वर्षे टिकली, ती या नियमांची. दुकानदाराला ठरलेल्या जागेपुरताच परवाना मिळे. साठा किती, आवक किती, जावक कोणाला, हे सारे नोंदवहीत चढवावे लागे आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यापुढे कपाटातला एकेक नग वहीशी जुळवून दाखवावा लागे. गिऱ्हाइकाच्या परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षाला किती घेता येतील याचे आकडे असत. विक्री झाली की दुकानदार परवान्यावरच तारीख, संख्या आणि सही-शिक्का नोंदवी. म्हणून जुना परवाना उलगडला की त्या घराचा वर्षानुवर्षांचा व्यवहार वाचता येतो. कोणत्या साली पंचवीस काडतुसे नेली, कोणत्या साली एकही नाही.

माल आता देशी होता. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथली 'शक्तिमान' छापाची बारा बोअरची काडतुसे महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानात असत. बंदुका सरकारी कारखान्यांच्या, तसेच बिहारमधल्या मुंगेरच्या आणि जम्मूच्या खासगी कारखान्यांच्या येत. मुंगेरची परंपरा तर मीर कासिमने अठराव्या शतकात उभारलेल्या शस्त्रशाळेपर्यंत मागे जाते. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेला शेतकरी मात्र बहुधा ठासणीची बंदूक बाळगी. रानडुकरांनी मक्याचा आणि ज्वारीचा फडशा पाडू नये म्हणून रात्री एखादा बार काढायचा, एवढेच तिचे काम. त्याला दुकानातून दारू, छर्रे आणि टोप्या लागत.

मागच्या खोलीतली कारागिरी हा या व्यवसायाचा खरा गाभा. बंदूक हातात येताच जाणता दुकानदार आधी ती मोडून दोन्ही नळ्या उजेडाकडे धरी. आत गंजाचे डाग आहेत का, नळीला कुठे पोचा आहे का, बिजागरी सैल झाली आहे का, हे त्याला क्षणात दिसे. नळीखालचे शिक्के वाचून तो तिचे कूळ सांगे. बर्मिंगहॅमची चाचणी वेगळी, लंडनची वेगळी, आणि लंबगोलात 'ईएलजी' अक्षरे असली की लिएज. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या, पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी असलेल्या जुन्या नळ्या दिसायला अतिशय देखण्या. पण त्या काळ्या दारूसाठी घडवलेल्या असतात आणि आधुनिक बिनधुराच्या दारूचा दाब त्यांना झेपेलच असे नसते. अशी बंदूक घेऊन आलेल्या वारसाला काडतुसे न देता परत पाठवणे हे चांगल्या दुकानदाराचे कर्तव्य होते. विक्री सोडून सल्ला देण्याच्या या सवयीवरच दुकानाचे नाव चाले. फुटलेला अक्रोडाचा दस्ता शिसवीचा करून बसवणे, त्याला जवसाचे तेल मुरवणे, घोड्याची स्प्रिंग कानसून घडवणे, नळीला निळी झाक पुन्हा चढवणे ही कामे हाताने होत. सुटे भाग मिळतच नसत. त्यामुळे प्रत्येक भाग त्या एका बंदुकीपुरता घडवावा लागे.

या धंद्याचा उतार शिकारीपासून सुरू झाला. १९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि उरलेसुरले शिकारीचे परवाने १९९१ च्या दुरुस्तीने संपले. गौताळा औट्रमघाटचे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. ज्या डोंगरांसाठी इथले लोक काडतुसे घेत, ते डोंगरच बंदुकीला बंद झाले. हे योग्यच झाले. जंगलात जे थोडे उरले आहे ते या कायद्यांमुळे उरले आहे, आणि दुकानांच्या जिव्हाळ्यापोटी ते विसरून चालणार नाही. १९८३ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवर आणली. त्याच दशकात खासगी आयातही बंद झाली, आणि आधी आलेल्या विलायती बंदुका व रिव्हॉल्व्हर हीच काय ती शिल्लक पुंजी उरली. तिच्या किमती वाढल्या आणि विक्रीपेक्षा दुरुस्तीला महत्त्व आले.

त्यानंतर दुकान चालले ते प्रामुख्याने राखणीवर. कायद्याच्या २१ व्या कलमानुसार, शस्त्र बाळगण्याचा हक्क संपला की ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. परवानाधारक वारला की त्याची बंदूक दुकानात येते आणि वारसाचा परवाना होईपर्यंत तिथेच राहते. वारस परगावी, भावाभावांत वाद, कचेरीत प्रकरण पडून, अशा कारणांनी काही बंदुका वर्षानुवर्षे कपाटात उभ्या असतात. प्रत्येकीच्या चापाला चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नाव आणि गाव. निवडणुकीच्या आचारसंहितेत छाननी समितीने ठरवलेल्या परवानाधारकांची हत्यारेही जमा होतात. तेवढे दिवस दुकान भरते आणि निकालानंतर रिकामे होते. २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादा दोन शस्त्रांवर आणली, तेव्हा तिसऱ्या बंदुकीचे काय करायचे हा प्रश्न घेऊन जुनी घराणी पुन्हा याच दारात आली.

नव्या पिढीचे गिऱ्हाईक नेमबाजीतून येते. राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. तिच्यामागे लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदितांची पहिली पायरी असते. अंजली भागवत, २०१० मध्ये म्युनिक इथे विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे महाराष्ट्रातल्या मुलामुलींना रायफलीकडे खेळ म्हणून पाहता आले. .१७७ ची एअर रायफल, छर्रे आणि निशाणाचे कागदी चौकोन यांनी पूर्वी काडतुसांच्या पेट्या असलेली फळी भरली आहे.

२०१६ च्या नव्या नियमांनी आणि राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदणीने प्रत्येक परवान्याला स्वतंत्र क्रमांक दिला. हाताने लिहिलेली वही आता संगणकाशी जुळवावी लागते. नळीवर घासून पुसट झालेला आकडा मात्र भिंग लावून, नखाने चाचपून दुकानदारालाच वाचावा लागतो. जुन्या विलायती बंदुकीवर एकच आकडा नळीवर, कुलपावर आणि पुढच्या लाकडाखाली असतो, आणि हे तिन्ही जुळले तरच ती बंदूक परवान्यावरचीच आहे असे तो लिहून देतो.